तिरोड्याची भट्टी आणि सूर्याची भट्टी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी मोरगांवच्या बाजूस, चैत्र-वैशाखांत उन्हाळी धान उभें असतें. बांधींतील पाणी आटूं लागलें कीं शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे न जातां खांबावरील तारेकडे जाते. पंपाची वीज दिवसां मिळावयाची कीं रात्रीं, हें पाळीवर अवलंबून. रात्रीची पाळी असली म्हणजे हातांत बॅटरी घेऊन, पायांखालीं साप-विंचू तर नाहीं ना हें पाहत, धुऱ्यावरून पंपापर्यंत जावें लागतें. अलीकडे सौर वाहिन्या जसजशा पोहोंचत आहेत तसतशी ही पाळी दिवसाची होत चालली आहे. परंतु जेथें त्या पोहोंचलेल्या नाहींत तेथें जागरण चुकलेलें नाहीं. आणि नवल असें कीं, याच जिल्ह्यांत, वैनगंगेच्या खोऱ्यांत तिरोड्यास, महाराष्ट्रांतील अत्यंत मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांपैकीं एक केंद्र रात्रंदिवस धगधगत आहे.

दिव्याखालीं अंधार ही म्हण येथें लावण्याचा मोह कोणासही होईल. पण ती लावणें सर्वस्वी न्याय्य होणार नाहीं. वीज ही धानाच्या पोत्याप्रमाणें ज्या गांवीं पिकली त्या गांवीं विकली जात नाहीं. तिरोड्याहून निघणारी ७६५ किलोव्होल्टची उंच मनोऱ्यांवरील वाहिनी कोराडी, अकोला करीत थेट छत्रपति संभाजीनगरापर्यंत जाते. तेथून ती वीज राज्याच्या जाळ्यांत मिसळते आणि कोणाच्या घरचा दिवा कोणत्या भट्टीवर पेटला हें सांगणें अशक्य होतें. तथापि जिल्ह्याच्या वांट्यास भट्टी, राख आणि कोळशाच्या गाड्या येतात, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

या भट्टीचें मान समजून घेण्यासारखें आहे. प्रत्येकीं ६६० मेगावॅटचे पांच संच. पैकीं पहिला २०१२ सालीं चालूं झाला आणि २०१४ पर्यंत पांचही उभे राहिले. एकूण ३,३०० मेगावॅट. हे सर्व संच चोवीस तास पूर्ण भारानें चालले असें धरल्यास दिवसास सुमारें आठ कोटि युनिट वीज होते. आपल्याकडील कोळसा राखेनें भारलेला. एका युनिटास सहाशें ते सातशें ग्रॅम कोळसा लागतो असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे पूर्ण भाराच्या दिवशीं पन्नास हजार टनांच्या आसपास कोळसा जळावयाचा. एका मालगाडींत चार हजार टन धरले तर रोज बारा-तेरा गाड्या रित्या व्हावयाच्या, आणि त्यांतील तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक राख म्हणून मागें उरावयाचा. राखेचें सिमेंट होतें, विटा होतात, रस्ते भरले जातात. परंतु धुराड्यांतून जो कर्बवायु जातो त्याच्या विटा होत नाहींत.

आतां याच केंद्राची कल्पना दुसऱ्या एका इंधनावर करून पाहावी. सूर्यांत ज्या क्रियेनें उष्णता उत्पन्न होते ती क्रिया, म्हणजे हलक्या अणुगर्भांचें संमीलन, मनुष्यास साधली, तर तिरोड्याइतकीच वीज तितक्याच वेळांत काढण्यास किती इंधन लागेल? गणित अवघड नाहीं. सुमारें दोन किलो. पन्नास हजार टनांच्या जागीं दोन किलो! त्यांतील पाऊण किलोच्या आसपास ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. आणि तो तर पाण्यांत निसर्गतःच मिसळलेला आहे. एका घनमीटर पाण्यांत त्याचे ३३ ग्रॅमच्या आसपास अंश असतात. नवेगांवबांधच्या तलावांतून किंवा एखाद्या मामा तलावांतून दोन-तीन टँकर पाणी उपसलें तर तेवढ्यांत तिरोड्याच्या एका दिवसाचा जड हायड्रोजन निघेल. जड पाणी वेगळें करण्याची विद्या तर या राज्यास परकी नाहीं. रायगड जिल्ह्यांत थळ येथें त्याचा कारखानाच आहे.

या हिशेबांत जी मोहिनी आहे तिनें गेल्या सत्तर वर्षांत फार मोठमोठ्या माणसांना भुरळ घातली. त्यांत मुंबईचे डॉ. होमी भाभा हे अग्रगण्य होत. सन १९५५ च्या ऑगस्ट महिन्यांत जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं जी पहिली जागतिक परिषद् भरली तिचे ते अध्यक्ष होते. आपल्या भाषणांत त्यांनीं असें भाकीत केलें कीं, येत्या दोन दशकांत संमीलनाची शक्ति काबूंत आणण्याची युक्ति सांपडेल, आणि तसें झालें म्हणजे महासागरांत जोंपर्यंत जड हायड्रोजन आहे तोंपर्यंत जगास इंधनाची चिंता उरणार नाहीं. त्या काळीं ही विद्या बड्या राष्ट्रांनीं गुप्त ठेवलेली होती. ती उघड चर्चेंत ओढून आणण्याचें धैर्य एका नवस्वतंत्र देशाच्या शास्त्रज्ञानें दाखविलें, ही त्या भाषणाची थोरवी. भाकीत मात्र चुकलें. १९७५ साल आलें आणि गेलें. भाभा स्वतः त्याच्या नऊ वर्षें आधीं, जानेवारी १९६६ मध्यें, माँ ब्लां पर्वतावरील विमान-अपघातांत निवर्तले होते.

भाकीत कां चुकलें? अणुभंजनाचें उदाहरण त्या वेळीं ताजें होतें. युरेनियमचा अणु फोडण्याचा शोध १९३८ च्या अखेरचा, आणि १९४२ सालीं शिकागोस पहिली भट्टी चालूंही झाली. मग संमीलनास वीस वर्षें पुरेशीं वाटलीं यांत आश्चर्य नाहीं. परंतु या दोन क्रियांत एक मूलगामी भेद आहे. युरेनियमचा अणुगर्भ इतका अस्थिर असतो कीं त्यास एका मंद न्यूट्रॉनाचा स्पर्शही पुरतो. उलट दोन हायड्रोजन अणुगर्भ एकमेकांस दूर लोटतात, कारण दोघांवरही धन विद्युद्भार. त्यांना परस्परांच्या मिठींत ढकलावयाचें तर अफाट वेग द्यावा लागतो, आणि वेग म्हणजेच उष्णता. सूर्याच्या गाभ्यांत दीड कोटि अंश उष्णता आहे. पृथ्वीवरील यंत्रास पंधरा कोटि अंश लागतात.

सूर्याहून दहापट कां, असा प्रश्न चतुर श्रोत्याच्या मनांत येईल. त्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. सूर्य ही वास्तविक अत्यंत मंद भट्टी आहे. त्याच्या गाभ्यांतील एका घनमीटरांतून निघणारी शक्ति तीनशें वॅटच्या आसपासच भरते. खताच्या कुजणाऱ्या उकिरड्याशीं तिची तुलना शास्त्रज्ञ करतात ती थट्टेनें नव्हे. सूर्याचा प्रताप त्याच्या तीव्रतेंत नसून आकारांत आहे. त्याला इंधन धरून ठेवण्यास भिंत लागत नाहीं, कारण त्याचें स्वतःचें वजनच त्यास आवळून धरतें. आणि त्यास घाईही नाहीं. वीजकेंद्रास सूर्याचा आकार मिळावयाचा नाहीं व अब्जावधि वर्षांची सवडही नाहीं. म्हणून त्यास सूर्याहून उतावीळ व्हावें लागतें.

पंधरा कोटि अंशांचा वायु कोणत्या भांड्यांत ठेवावयाचा? इतक्या उष्णतेंत अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होऊन वायूचा प्लाझ्मा बनतो, आणि प्लाझ्मा विद्युद्भारित असल्यामुळें तो चुंबकीय क्षेत्रानें वळवितां येतो. एका पोकळ कड्याच्या आकाराचें पात्र करून, त्याच्या पोकळींत, भिंतींस न लागूं देतां, चुंबकांच्या बळावर प्लाझ्मा तरंगत ठेवावयाचा, अशी ही युक्ति. तिचें रशियन नांव टोकामॅक. सांगण्यास सोपें, परंतु प्लाझ्मा हा अत्यंत बेलगाम पदार्थ. ओल्या हातांत साबण दाबावा तसा तो एका बाजूनें आवळला कीं दुसऱ्या बाजूनें निसटतो. १९५८ च्या जानेवारींत इंग्लंडांत झीटा नांवाच्या यंत्रांत संमीलन साधल्याची दवंडी पिटली गेली. वर्तमानपत्रांनीं ती डोक्यावर घेतली. आणि मे महिन्यांत ती मागें घ्यावी लागली. दहा वर्षांनीं रशियनांनीं आपल्या टोकामॅकांतील उष्णतेचे आंकडे सांगितले तेव्हां पोळलेल्या जगास ते खरे वाटेनात. शेवटीं १९६९ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञच आपलीं उपकरणें घेऊन मॉस्कोस गेले आणि आंकडे खरे निघाले. शीतयुद्धाच्या ऐन भरांत घडलेली ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

भारतांत या विद्येचें घर गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्था हें होय. आदित्य नांवाचा आपला पहिला टोकामॅक तेथें १९८९ सालीं चालूं झाला. पुढें अतिवाहक चुंबकांचा दुसराही उभा राहिला. डिसेंबर २००५ मध्यें भारत ईटर या आंतरराष्ट्रीय योजनेंत सामील झाला. दक्षिण फ्रान्समध्यें कादाराश येथें युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार मिळून हें प्रचंड यंत्र बांधीत आहेत. त्याचें सर्वांत बाहेरचें निर्वात पात्र, सुमारें तीस मीटर उंच आणि जवळजवळ तितकेंच रुंद, ३,८०० टनांहून अधिक वजनाचें, हें भारताच्या वांट्यास आलें. सुरतेजवळ हजिरा येथें लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यांत तें घडलें आणि तुकड्यातुकड्यांनीं समुद्रमार्गें फ्रान्सला गेलें. ज्या पात्राच्या पोटांत उणे २६९ अंशांवर गोठविलेलीं चुंबकें आणि त्यांच्यापासून कांहीं मीटरांवर पंधरा कोटि अंशांचा प्लाझ्मा नांदावयाचा, तें पात्र या देशाच्या कारागिरांनीं जोडलें, याचें कौतुक अवश्य करावें.

परंतु कौतुकानें पंप चालत नाहीं. म्हणून आजवर जें साधलें तें गोंदियाच्या शेतकऱ्याच्या मापानें मोजून पाहणें बरें. इंग्लंडांतील जेट या टोकामॅकानें आपल्या अखेरच्या वर्षीं, २०२३ सालीं, एका खेपेंत ६९ मेगाज्यूल शक्ति दिली. त्याला इंधन लागलें एका मिलिग्रॅमच्या पांचव्या हिश्शाइतकें. हा विक्रम होय. त्याचे युनिट केले तर एकोणीस होतात. पांच अश्वशक्तीचा पंप त्यावर पांच तास चालेल, आणि तोही उष्णतेची वीज करतांना होणारी घट सोडून दिली तरच. शिवाय प्लाझ्मा तापविण्यासाठीं त्यांत ओतलेली शक्ति मिळालेल्या शक्तीहून अधिक होती. कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत ५ डिसेंबर २०२२ रोजीं लेसर किरणांच्या माऱ्यानें एका बारीक गोळींत संमीलन घडविलें, २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. घातल्याहून अधिक मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि म्हणून ती घटना खरोखर ऐतिहासिक. पण ३.१५ मेगाज्यूल म्हणजे एक युनिटही नव्हे. पंप पाव तासही चालावयाचा नाहीं. आणि ते लेसर पेटविण्यास भिंतींतील तारेंतून तीनशें मेगाज्यूलच्या आसपास वीज ओढावी लागली होती. नंतरच्या प्रयोगांत फळ वाढलें, तरी हें अंतर अजून तुटलेलें नाहीं. टिकाव धरण्याच्या बाबतींत प्रगति अधिक समाधानकारक आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत फ्रान्समधील वेस्ट या यंत्रानें प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ, सांवरून धरला; त्याआधीं महिनाभरच चीनमधील ईस्टनें १,०६६ सेकंद गांठले होते. मात्र या दोन्ही यंत्रांत संमीलनाचें खरें इंधन नव्हतें.

खऱ्या इंधनाचा विषय निघाला म्हणजे जी अडचण पुढें येते तिची वाच्यता उत्साही लेखांत क्वचितच आढळते. त्या दोन किलोंपैकीं पाऊण किलो ड्यूटेरियम तलावाच्या पाण्यांत मिळेल हें खरें. परंतु उरलेला सव्वा किलो ट्रिटियम असावयास हवा, आणि तो कोणत्याही तलावांत नाहीं. ट्रिटियम किरणोत्सर्गी असून दर बारा वर्षांच्या सुमारास त्याचा सांठा निम्मा होतो. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत तो थोडा थोडा उत्पन्न होतो. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसारख्या भट्ट्या त्याच जातीच्या. तरी साऱ्या जगांतील नागरी उपयोगाचा सांठा पंचवीस किलोंच्या आसपास समजला जातो, आणि त्यांतील बहुतेक कॅनडाचा. म्हणजे तिरोड्याएवढें एकच केंद्र या इंधनावर चालविलें तर जगाची सारी कोठी वीस दिवसांत झाडून रिकामी होईल!

यावर उपाय सुचविलेला आहे. संमीलनांतून सुटणारे न्यूट्रॉन लिथियमवर आदळले कीं ट्रिटियम तयार होतो. यास्तव भट्टीभोंवतीं लिथियमची गोधडी गुंडाळावी आणि भट्टीनें आपलें इंधन आपणच पिकवावें. शेतकऱ्यानें पुढच्या हंगामाचें बियाणें आपल्याच पिकांतून राखावें तसा हा प्रकार. पण बियाणें राखतांना पेरल्याहून थोडें अधिकच हातीं यावें लागतें, कांहीं गळणार, कांहीं नासणार. आजवर जगांतील एकाही यंत्रानें आपलें ट्रिटियम आपण पिकवून दाखविलेलें नाहीं. ज्या दिवशीं हें घडेल तो दिवस कॅलिफोर्नियाच्या त्या दिवसाहून मोठा मानावा लागेल, आणि बहुधा त्याचा गाजावाजा कमी होईल.

तेच न्यूट्रॉन भिंतींस जर्जर करतात, ही दुसरी अडचण. त्यांचा मारा इतका जोरकस कीं पोलादाच्या कणाकणाची मांडणी विस्कटते, आंतील बाजूचें अस्तर वारंवार बदलावें लागेल, आणि काढलेलें अस्तर शंभर वर्षांच्या आसपास जपून ठेवावें लागेल. अणुभंजनाच्या कचऱ्याच्या मानानें हें पुष्कळच सुसह्य आहे. भट्टी अनावर होण्याचें भयही नाहीं, कारण तिच्या पोकळींत एका वेळीं कांहीं ग्रॅमच इंधन असतें आणि कोठें कांहीं बिघडलें तर तें पेटण्याऐवजीं विझतें. विझूं न देणें हीच तर खरी पंचाईत आहे.

मग हें केव्हां साधणार? ईटरचा करार नोव्हेंबर २००६ मध्यें पॅरिसला झाला तेव्हां पहिला प्लाझ्मा दहा वर्षांत अपेक्षित होता. पुढें ती तारीख २०२५ झाली. जोडकामांत व शीतन-नळ्यांत दोष आढळले, महामारीनें विलंब केला, आणि २०२४ सालीं जें नवें वेळापत्रक निघालें त्याप्रमाणें संशोधनाचा आरंभ २०३४ सालीं आणि खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ सालीं व्हावयाचे. तेव्हांही ईटर एक युनिटसुद्धां वीज करणार नाहीं. ५० मेगावॅट तापनशक्ति घालून ५०० मेगावॅट उष्णता मिळविणें एवढेंच त्याचें उद्दिष्ट. अमेरिकेंत खासगी कंपन्या अधिक घाईंत आहेत. मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीनें नव्या जातीच्या अतिवाहक फितींचीं फार बलवान् चुंबकें बनविलीं असून तिनें व्हर्जिनियांत ४०० मेगावॅटचें केंद्र या शतकाच्या चौथ्या दशकाच्या प्रारंभीं उभारण्याचें जाहीर केलें आहे. चुंबकें खरीं आहेत. तारखेस मात्र मिठाचा खडा लावूनच ऐकावें. गांधीनगरच्या संशोधकांनीं २०२५ सालीं मांडलेला आराखडा अधिक संयमी आहे: २५० मेगावॅटचें प्रात्यक्षिक केंद्र, २०६० च्या सुमारास. तिरोड्याच्या एका संचाच्या निम्म्याहूनही तें लहान.

यावरून संमीलनाचा नाद सोडावा असें मुळींच निघत नाहीं. ज्या देशानें २०७० पर्यंत कर्बवायूचा हिशेब शून्यावर आणण्याचें २०२१ सालीं जाहीर केलें, त्यास शतकाच्या उत्तरार्धांतही रात्रंदिवस चालणारी, पाऊस-पाण्यावर न हलणारी वीज लागणारच आहे. भाट येथील संस्थेवर होणारा खर्च हा त्या काळाचें बियाणें होय. चूक होते ती हें बियाणें आजच्या भाकरीस लावण्यांत. संमीलन येणार, मग सौर वाहिनी कशाला, असें म्हणणारे सुशिक्षित शहरांत भेटतात. धुऱ्यावरून रात्रीं चालत जाणारास असें म्हणणें परवडत नाहीं.

तिरोड्यापुरता विचार केला तर एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. संमीलनाची भट्टी झाली तरी तिच्यापुढें वाफेचें चक्र, जनित्र, थंड करण्याचें पाणी आणि उच्च दाबाची वाहिनी हीं लागणारच; वाफ कोळशाची कीं सूर्यक्रियेची, हें चक्रास कळत नाहीं. वैनगंगेचें पाणी तेथें आहे, वाहिनी आहे, आणि वाफ, दाब व धातु यांची जाण असलेले कामगार आहेत. रद्द व्हावयाचा तो कोळशाचा चूल-भाग. जुन्या वीजकेंद्राची जागा मोडींत काढण्यापूर्वीं हा हिशेब करणारा अधिकारी त्या वेळीं मंत्रालयांत असला म्हणजे झालें. ईटरमध्यें खरें इंधन पडेल त्या २०३९ सालीं तिरोड्याचा पहिला संच सत्तावीस वर्षांचा असेल, आणि त्याची डागडुजी करून आयुष्य वाढवावें कीं तो थंड करावा, हा प्रश्न टेबलावर येऊन पडलेला असेल. अर्जुनीकडील उन्हाळी धान त्या वर्षीं कशाच्या बळावर भिजेल, हें मात्र आजच सांगतां येतें: गांवाबाहेरच्या पडीक जमिनीवर मांडलेल्या निळ्या पट्ट्यांवर, भर दुपारीं, आठ मिनिटांपूर्वीं सूर्याहून निघालेल्या प्रकाशानें.